आचार्य प्रफुल्लचंद्र राय : हाडांचं औषध करणारा प्राध्यापक



विहाराच्या स्मरणिकेत दरवर्षी आपण परमपूज्य बाबासाहेब, महात्मा फुले, शाहू महाराज यांच्यावर वाचतो, आणि ते वाचलंच पाहिजे. यंदा मात्र मी एका बंगाली माणसाचं चरित्र लिहायला घेतलं आहे. हा माणूस बौद्ध नव्हता, आपल्या समाजात जन्मलेला नव्हता, जमीनदाराच्या कायस्थ घरातला होता. मग त्याचं आपल्याला काय, असं कोणी विचारील. त्याचं उत्तर असं, की आज आपल्या वस्तीतली मुलं-मुली सायन्सला जातात, केमिकल इंजिनीअरिंगला जातात. या देशात रसायनशास्त्राचा पाया ज्याने घातला त्या माणसानेच १९०२ साली छापील पुस्तकात लिहून ठेवलं, की भारतातली विज्ञानाची विद्या मेली ती जातिव्यवस्थेमुळे. हे काही सभेतलं भाषण नव्हतं. रसायनशास्त्राच्या इतिहासाच्या जाडजूड ग्रंथात पुराव्यासकट मांडलेलं म्हणणं होतं. आणि याच ग्रंथात नागार्जुन या बौद्ध रसायनविद्येच्या आचार्याला त्याने मानाचं पान दिलं. एवढं कारण मला पुरे वाटतं.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी राडुली या गावी झाला. कपोताक्ष नदीच्या काठचं हे गाव तेव्हा जेसोर जिल्ह्यात होतं, पुढे खुलना जिल्ह्यात गेलं, आज ते बांगलादेशात आहे. वडील हरिश्चंद्र राय हे सुधारणावादी, फारसी-इंग्रजी जाणणारे, घरात पुस्तकांचा संग्रह बाळगणारे. आई भुवनमोहिनी देवी. मुलांच्या शिक्षणासाठी १८७० साली सगळं कुटुंब कलकत्त्याला आलं आणि प्रफुल्लचंद्र हेअर स्कूलमध्ये जाऊ लागले.

१८७४ साली त्यांना जबरदस्त आमांश झाला. शाळा सुटली. जवळजवळ दोन वर्षं घरी. पोटाचं दुखणं आणि झोप न येणं हे दोन शत्रू त्या आजारपणापासून जन्मभर त्यांच्या मागे लागले, आणि म्हणूनच पुढे त्यांचं खाणं-पिणं, फिरणं, झोपणं सगळं घड्याळाच्या काट्यावर असे. पण त्या दोन वर्षांत या पोराने वडिलांचं कपाट वाचून काढलं. इतिहास, थोरांची चरित्रं, इंग्रजी वाङ्मय. पुढे लॅटिनही स्वतःच्या बळावर शिकला. शाळेबाहेर राहून शिकलेल्या माणसाला हा भाग वाचताना विशेष आनंद होतो, हे कबूल करतो! प्रफुल्लचंद्रांचं पहिलं प्रेम इतिहासच होतं. रसायनशास्त्राकडे आपण जवळपास चुकूनच वळलो, असं त्यांनी आत्मचरित्रात म्हटलं आहे.

बरं वाटल्यावर ते ब्राह्मो समाजाच्या मंडळींच्या अल्बर्ट स्कूलमध्ये गेले, मग ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये. तिथे फी कमी होती, कारण वडिलांची जमीनदारी तोपर्यंत कर्जात बुडत चालली होती. विज्ञानाचे तास मात्र प्रेसिडेन्सी कॉलेजात जाऊन ऐकावे लागत. तिथे पेडलर नावाचे इंग्रज प्राध्यापक वर्गात प्रयोग करून दाखवीत. ते पाहून या मुलाला नाद लागला, आणि मित्राच्या खोलीत त्याने स्वतःची छोटी प्रयोगशाळा थाटली.

१८८२ साली गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीची परीक्षा झाली. ही परीक्षा फार कठीण. तीन-चार भाषा आल्याच पाहिजेत. त्या वर्षी साऱ्या हिंदुस्थानातून दोघेच निवडले गेले, एक मुंबईचा पारशी विद्यार्थी आणि दुसरे प्रफुल्लचंद्र. शिष्यवृत्ती मिळाली आणि ते स्कॉटलंडमधल्या एडिंबरो विद्यापीठात गेले. तिथे क्रम ब्राउन या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. १८८५ साली बी. एस्सी., १८८७ साली डी. एस्सी. शिकत असतानाच विद्यापीठाने एक निबंधस्पर्धा ठेवली, विषय होता १८५७ च्या बंडापूर्वीचा आणि नंतरचा हिंदुस्थान. यांनी इंग्रज सरकारवर सडकून टीका करणारा निबंध लिहिला. सरकारच्या दयेवर ज्याला पुढे नोकरी मिळवायची आहे त्या विद्यार्थ्याने असं लिहावं? बक्षीस मिळालं नाहीच. तर त्यांनी तो निबंध स्वतःच छापून विद्यार्थ्यांत वाटला.

१८८८ साली ते कलकत्त्याला परत आले. आणि आता बघा. एडिंबरोची डी. एस्सी. मिळवलेला माणूस, तरी जवळजवळ वर्षभर नोकरी नाही! शिक्षण खात्यातली वरची श्रेणी साहेबांसाठी राखलेली आणि हिंदी माणसाला खालची, प्रांतिक श्रेणी. काम तेच, पगार कमी. जगदीशचंद्र बोस यांनी या अन्यायाविरुद्ध तीन वर्षं पगारच घेतला नव्हता. त्याच बोसांच्या घरी प्रफुल्लचंद्र बेकारीच्या काळात राहिले. अखेर १८८९ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा २५० रुपयांवर असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागले. राखीव जागांच्या नावाने आज बोटं मोडणारे बरेच आहेत. कातडीच्या रंगावर वरच्या जागा राखून ठेवल्या की काय होतं, हे त्या काळच्या उच्चवर्णीयांनीही चांगलं भोगलं होतं, एवढं फक्त इथे नमूद करतो.

कॉलेजात त्यांनी आधी हाती घेतलं ते तूप आणि मोहरीचं तेल! बाजारात भेसळ होते ती ओळखायची कशी, तर आधी शुद्ध माल कसा असतो ते मोजून ठेवलं पाहिजे. म्हणून खात्रीचं दूध-तूप, डोळ्यांदेखत काढलेलं तेल घेऊन जवळपास तीन वर्षं त्यांनी तपासण्या केल्या आणि १८९४ साली त्या छापल्या. गरिबाच्या ताटातली भेसळ हा विषय त्यांना कमी दर्जाचा वाटला नाही.

त्यानंतर १८९५-९६ सालचा तो शोध, ज्याने त्यांचं नाव जगात गेलं. पारा आणि सौम्य नायट्रिक ॲसिड यांची थंडपणे क्रिया होऊ दिली असता भांड्यात पिवळे स्फटिक जमलेले त्यांना दिसले. दुसरा कोणी असता तर नेहमीचाच क्षार समजून पुढे गेला असता. यांनी तपासलं, तर तो मर्क्युरस नायट्राइट निघाला. नायट्रेट आणि नायट्राइट यांत फरक एका ऑक्सिजनचा, पण नायट्राइट हे फार नाजूक, चटकन विघटन पावणारे पदार्थ. पाऱ्याचा असा नायट्राइट टिकून राहील असं कोणाला वाटलं नव्हतं. पुढे पंधरा-वीस वर्षं त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नायट्राइटांचा पिच्छा पुरवला. १९१२ साली लंडनला जाऊन अमोनियम नायट्राइटची निर्वात नळीत वाफ करून तिची घनता मोजता येते, हेही त्यांनी तिथल्या केमिकल सोसायटीपुढे मांडलं.

शोध बाजूला ठेवू. मला सगळ्यात जास्त सांगावीशी वाटते ती हाडांची गोष्ट.

१८९२ साली कलकत्त्याच्या ९१, अप्पर सर्क्युलर रोड या आपल्या राहत्या भाड्याच्या घरात प्रफुल्लचंद्रांनी सातशे रुपये भांडवलावर औषधं बनवण्याचा कारखाना सुरू केला. त्याचं नाव बंगाल केमिकल. त्या वेळी औषध म्हटलं की विलायतेची बाटली. बंगाली पदवीधर कारकुनीच्या मागे धावतो आणि हाताने काम करायला लाजतो, याची त्यांना मोठी चीड होती. तर कारखान्यात एक पदार्थ करायचा ठरला, फॉस्फेट ऑफ सोडा. त्याला फॉस्फरस पाहिजे. तो स्वस्तात कुठे मिळेल? हाडांत. राजाबाजारच्या खाटकांकडून पोतीच्या पोती गुरांची हाडं आणून त्यांनी घराच्या गच्चीवर वाळत घातली. नेमका अवेळी पाऊस आला. हाडांना चिकटलेलं मांस कुजलं, अळ्या पडल्या, कावळ्यांचे थवे जमले आणि त्यांनी हाडं उचलून शेजारच्या सोवळ्या घरांवर टाकायला सुरुवात केली. शेजाऱ्यांनी आरडाओरडा केला, हाडं हलवा नाहीतर आरोग्य खात्याला कळवतो. शेवटी माणिकतल्याला एका मोकळ्या जागेत नेऊन हाडांची रास रात्री पेटवली. तर तिथे पोलीस आला, त्याला वाटलं खून करून मुडदा जाळताहेत! खात्री पटल्यावर गेला.

हाड जाळून जी पांढरी राख उरते तो चुन्याचा फॉस्फेट. त्यावर गंधकाचं ॲसिड, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड घातलं की सुपरफॉस्फेट, आणि त्यावर धुण्याच्या सोड्याची क्रिया केली की फॉस्फेट ऑफ सोडा. म्हणजे डॉक्टरांच्या टॉनिकात जाणारी वस्तू. प्रफुल्लचंद्र वर्गात हाडांची राख चिमूटभर तोंडात टाकून दाखवीत, अशी आठवण सांगितली जाते. एकदा जळाल्यावर ते गाईचं की म्हशीचं राहत नाही, तो एक शुद्ध रासायनिक पदार्थ असतो. विटाळ तुमच्या डोक्यात आहे, पदार्थात नाही, हे शेंडी राखणाऱ्या विद्यार्थ्यांना याहून चांगलं कसं समजावणार?

आता आपल्या बाजूने विचार करा. मेलेलं ढोर ओढणं, सोलणं, हाडं वेचणं हे काम आपल्या वाडवडिलांच्या माथी शतकानुशतके मारलेलं होतं. त्या कामामुळे आपण अस्पृश्य आणि अस्पृश्य म्हणून ते काम आपलं! बाबासाहेबांनी १९२७ च्या मार्चमध्ये महाडला ते सोडा म्हणून सांगितलं आणि आपल्या लोकांनी सोडलं, ते बरोबरच केलं. पण हाड तेच. आमच्या आजोबांच्या हातात होतं तेव्हा तो विटाळ, व्यापाऱ्याच्या गोदामात गेलं की खतासाठी परदेशी जाणारा माल, आणि प्रोफेसरांच्या गच्चीवरून आलं की औषध. मधे काय होतं? मधे विद्या होती आणि मालकी होती. ज्या हातांना हाडाची ओळख सगळ्यात जास्त, त्यांना रसायनशास्त्राच्या पुस्तकाला शिवायची बंदी. आणि ज्यांच्याकडे पुस्तक, ते हाडाला शिवणार नाहीत. प्रफुल्लचंद्र शिवले, म्हणून कारखाना उभा राहिला.

कारखान्याचे सुरुवातीचे दिवस कष्टाचे होते. दुपारी चार-साडेचारला कॉलेजातून यायचं आणि संध्याकाळभर भट्टीपाशी उभं राहायचं. डॉ. अमूल्यचरण बोस या मित्राने डॉक्टरांमध्ये खपटून माल खपवला. अडुळसा, कुडा, ओवा यांसारख्या देशी वनस्पतींची औषधं त्याच्याच आग्रहाने निघाली. १८९८ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करताना अमूल्यचरण गेला. सतीशचंद्र सिंह हा दुसरा तरुण सहकारी प्रयोगशाळेत विषारी प्रुसिक ॲसिडच्या अपघातात गेला. एवढे धक्के बसूनही काम थांबलं नाही. १९०१ साली लिमिटेड कंपनी झाली, १९०५ साली माणिकतल्याला मोठा कारखाना उभा राहिला, १९२० साली पाणिहाटीला दुसरा, आणि १९३८ साली आपल्या मुंबईत. प्रभादेवीला बंगाल केमिकल नावाचा जो बस स्टॉप आहे तो याच कारखान्यावरून. गिरणगावातले हजारो लोक त्या स्टॉपवर चढले-उतरले, पण नाव कोणाचं ते फार थोड्यांना ठाऊक. पुढे कंपनी डबघाईला आली, १९७७ साली सरकारने तिचा कारभार हाती घेतला आणि १९८० साली तिचं राष्ट्रीयीकरण झालं.

आता त्या ग्रंथाकडे येतो. इतिहासाची आवड मनातून गेली नव्हतीच. प्राचीन भारतात रसायनविद्या होती की नव्हती, होती तर किती, हे जुन्या संस्कृत पोथ्यांतून शोधायचं त्यांनी ठरवलं. फ्रान्सचे वयोवृद्ध रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो यांनी पत्र लिहून उत्तेजन दिलं. काशी, काश्मीर, मद्रास, लंडन, जिथून मिळेल तिथून पोथ्यांच्या नकला मागवल्या. दिवसा कॉलेज, संध्याकाळी कारखाना, आणि उरलेल्या वेळात पोथ्या. पहिला खंड १९०२ साली आणि दुसरा काही वर्षांनी निघाला. नाव ठेवलं हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास. या नावावर मला थोडं बोलायचं आहे. आत बघावं तर रसायनविद्येचं मोठं श्रेय बौद्धांना दिलेलं आहे. पाऱ्याच्या विद्येवरचा रसरत्नाकर हा ग्रंथ नागार्जुनाच्या नावावर आहे. माध्यमिक तत्त्वज्ञानाचे आचार्य नागार्जुन आणि हे रसायनाचे नागार्जुन वेगवेगळे, असं बहुतेक विद्वान मानतात. तरी दोघेही बौद्ध परंपरेतलेच. नालंदेत चिकित्साविद्या शिकवली जाई. बंगाल-बिहारातले विहार उद्ध्वस्त झाल्यावर तिथले विद्वान पोथ्या घेऊन नेपाळ-तिबेटकडे आणि दक्षिणेकडे पांगले. हे सगळं प्रफुल्लचंद्रांनी प्रामाणिकपणे लिहिलं, पण पुस्तकाच्या कपाळावर शब्द राहिला हिंदू. त्या काळची पद्धत म्हणायची. १९५६ साली त्यांचे शिष्य प्रियदारंजन राय यांनी ग्रंथाची नवी आवृत्ती इंडियन केमिकल सोसायटीतर्फे काढली तेव्हा नाव बदलून प्राचीन आणि मध्ययुगीन भारतातील रसायनशास्त्राचा इतिहास असं केलं. धम्मदीक्षेचं आणि या नामांतराचं वर्ष एकच, हा योगायोग मला आवडतो.

त्या ग्रंथात एक प्रकरण आहे, हस्तकौशल्याच्या कला आणि विज्ञानवृत्तीचा ऱ्हास यांवरचं. त्यातलं म्हणणं माझ्या शब्दांत असं : जुन्या काळी पोलाद करणारे, रंगारी, धातू गाळणारे यांचं कसब मोठं होतं. दिल्लीचा लोहस्तंभ त्याची साक्ष आहे. सुश्रुताने तर वैद्य होणाऱ्याने प्रेत चिरून पाहिलंच पाहिजे असं सांगून ठेवलं होतं. पुढे ब्राह्मणांचं वर्चस्व पुन्हा बसलं, जाती कडक झाल्या, मनूच्या आणि पुराणांच्या नियमांनी प्रेताचा विटाळ मोठा केला. मग शस्त्रक्रिया न्हाव्याकडे गेली, कलाकुसर खालच्या मानलेल्या जातींकडे गेली आणि वंशपरंपरेने तिथेच अडकली. कारागिराच्या हाताला कसब राहिलं, पण हे असं का होतं हा प्रश्न विचारायला लागणारी विद्या त्याला नाही. विद्या ज्याच्याकडे, त्याचा हात कामाला लागत नाही. डोकं आणि हात वेगळे झाले आणि विज्ञान मेलं. त्यात जग म्हणजे माया, ही शंकराचार्यांची शिकवण मिळाली. जे खोटंच आहे ते तपासायचं कशाला? अशा भूमीत न्यूटन, बॉइल निपजणं शक्यच नव्हतं, इथपर्यंत ते गेले.

हे लिहिलं तेव्हा साल होतं १९०२. बाबासाहेब तेव्हा दहा-अकरा वर्षांचे, शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसणारे भिवा. पुढे चौतीस वर्षांनी, १९३६ साली, जातिनिर्मूलनाच्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिलं की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे. दोघांनी बोट ठेवलं ते एकाच दुखण्यावर. फरक एवढाच की एकाने ते पोथ्यांत पाहिलं आणि दुसऱ्याने अंगावर सोसलं.

आणि हे काही जुन्या काळापुरतं नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात आपल्या माणसाला घेत नसत. का, तर कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपल्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे. पगार तिथे जास्त, म्हणून आपण रिंगखात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला होता. वाफेवर चालणारं विलायती यंत्र आलं, पण त्याच्याजवळ कोणी उभं राहायचं ते मनूच ठरवत होता!

१९१६ साली प्रफुल्लचंद्र प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त झाले. पण खरं विद्यापीठाचं काम त्यानंतरच सुरू झालं. कलकत्ता विद्यापीठाचे आशुतोष मुखर्जी यांनी विज्ञानाचं स्वतंत्र कॉलेज उभारलं होतं. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांनी त्यासाठी लाखो रुपये दिले आणि पालित यांनी अट घातली की प्राध्यापक हिंदीच पाहिजे. तिथे रसायनशास्त्राचे पहिले पालित प्रोफेसर झाले प्रफुल्लचंद्र. वीस वर्षं, १९३६ पर्यंत, त्यांनी तो विभाग चालवला. १९२१ साली साठ वर्षं पुरी झाली तेव्हा त्यांनी विद्यापीठाला कळवलं की यापुढचा माझा सगळा पगार रसायनशास्त्र विभागासाठीच वापरा. पुढची पंधरा वर्षं त्यांनी एक पैसा घरी नेला नाही. घर तरी कुठे होतं? लग्न केलं नव्हतं. कॉलेजच्याच इमारतीत एका खोलीत राहायचे, सोबत गरीब विद्यार्थी ठेवून घ्यायचे. त्याआधी प्रेसिडेन्सीत पगार आठशे झाला होता तेव्हाही ते स्वतःला चाळीस रुपये ठेवून बाकीचे वाटून टाकत, अशी ओळख गोपाळ कृष्ण गोखल्यांनी गांधीजींना करून दिली होती, आणि गांधीजींनी ती आत्मकथेत नोंदवली आहे. १९२२ साली रसायनशास्त्रातल्या उत्तम संशोधनासाठी त्यांनी एक पारितोषिक ठेवलं, त्याला नाव दिलं नागार्जुनाचं. १९२४ साली इंडियन केमिकल सोसायटी स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. जादवपूरच्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. तिथे १९२१ पासून केमिकल इंजिनीअरिंग शिकवत होते, आणि त्याच संस्थेचं १९५५ साली जादवपूर विद्यापीठ झालं.

मोठे प्रोफेसर एम. एस्सी.च्या वर्गाखाली उतरत नाहीत. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना स्वतः शिकवायचे. मडकं ओलं असतानाच आकार देता येतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या हाताखालून ज्ञानचंद्र घोष, नीलरतन धर, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी, सत्येंद्रनाथ बोस, मेघनाद साहा अशी माणसं गेली. ज्ञानचंद्र घोष पुढे बंगलोरच्या विज्ञान संस्थेचे संचालक, खरगपूरच्या पहिल्या आय. आय. टी.चे पहिले संचालक आणि कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मेघनाद साहांबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या गरीब दुकानदाराचा हा मुलगा, हलक्या मानलेल्या जातीतला. कलकत्त्याच्या वसतिगृहात उच्चवर्णीय विद्यार्थी त्याच्या पंगतीला बसत नसत. असा मुलगा प्रफुल्लचंद्रांच्या वर्गात बसला, आणि १९२० साली ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचं तापमान कसं वाचायचं ते त्याने जगाला दाखवलं.

त्याच १९२० च्या जानेवारीत नागपूरला इंडियन सायन्स काँग्रेसचं अधिवेशन भरलं, अध्यक्ष होते प्रफुल्लचंद्र. आणि चारच महिन्यांनी, मे अखेरीस, त्याच नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद भरली, तिला बाबासाहेब हजर होते. एकाच शहरात, एकाच वर्षी. पण एका मंडपातली माणसं दुसऱ्या मंडपात नव्हती.

प्रफुल्लचंद्र सामाजिक व्यासपीठावरही जात. १९१७ साली कलकत्त्याला सामाजिक परिषद भरली तिचे ते अध्यक्ष होते, आणि जातिभेदावर त्यांनी तिथेही कोरडे ओढले. १९२१ ला खुलन्यात दुष्काळ पडला, १९२२ ला उत्तर बंगालात महापूर आला. साठीचा हा दुबळा माणूस मदत समितीचा प्रमुख झाला. सायन्स कॉलेजच्या खोल्यांत कपड्यांचे गठ्ठे, तांदळाची पोती रचली गेली, विद्यार्थी स्वयंसेवक झाले. मेघनाद साहा, सुभाषचंद्र बोस त्या कामात होते. लोकांनी सरकारपेक्षा या प्रोफेसरवर जास्त विश्वास टाकला आणि लाखो रुपये दिले. रेल्वेच्या भरावाखालून पाणी जायला पुरेशा मोऱ्या ठेवल्या नाहीत म्हणून पूर तुंबला, हेही त्यांनी सरकारला सुनावलं.

एका गोष्टीत मात्र माझं त्यांच्याशी जमत नाही. पुढच्या आयुष्यात ते गांधीजींच्या चरख्याचे मोठे भक्त झाले. स्वतः रोज सूत काढत, गावोगाव खादीचा प्रचार करत. ज्याने बॉयलर आणि ॲसिडची भट्टी उभी केली त्याने चरखा हाती घ्यावा, याचा मेळ गिरणीत जन्म घालवलेल्या माणसाला लागत नाही. पिकं गेलेल्या शेतकऱ्याला रिकाम्या दिवसांत चार आणे मिळावेत असा त्यांचा हिशोब होता, तो समजून घेता येतो. पण जातीबद्दल १९०२ साली जे निदान त्यांनी केलं, त्यावरचं औषध त्यांनी शिक्षण आणि सुशिक्षितांचं मनपरिवर्तन एवढंच सांगितलं. धर्मग्रंथांच्या सत्तेलाच हात घालायला पाहिजे, हे सांगायला आणि मग ते करून दाखवायला बाबासाहेब यावे लागले. म्हणून त्यांची थोरवी कमी होत नाही. रोग अचूक ओळखणारा वैद्यही सहसा मिळत नाही.

आत्मचरित्राचे दोन खंड त्यांनी १९३२ आणि १९३५ साली छापले. १९३६ ला काम सोडल्यावरही विद्यापीठाने त्यांना त्याच खोलीत राहू दिलं. शेवटच्या वर्षांत शरीर फार थकलं होतं. १६ जून १९४४ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, सायन्स कॉलेजातल्या त्याच खोलीत, विद्यार्थ्यांच्या गराड्यात त्यांनी प्राण सोडला. बाहेर बंगालच्या भयंकर दुष्काळातून लोक अजून सावरले नव्हते.

जाता जाता विहार कमिटीला एक विनंती. आचार्य रायांचं आत्मचरित्र आणि रसायनशास्त्राचा इतिहास हे दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत. ते मिळवून आपल्या वाचनालयात ठेवावेत, आणि सायन्सला असलेल्या मुलामुलींपैकी दोघा-तिघांनी मिळून ऱ्हासाचं ते प्रकरण मराठीत उतरवावं. फार मोठं नाही. पुढच्या स्मरणिकेत छापता येईल.